मारुती ८०० चं इंजिन बदलताय? जुनं इंजिन आधी विकू नका

"कुर्ल्याच्या भंगार बाजारातून इंजिन आणलंय, बसवायला किती दिवस लागतील?" हा फोन आमच्या गॅरेजला सारखा येतो. त्याचं उत्तर आणलेल्या इंजिनापेक्षा तुमच्या जुन्या इंजिनावर जास्त अवलंबून असतं. जुनं इंजिन सगळ्या सामानासकट गाडीत असेल तर दोन ते तीन दिवस पुरतात. ते आधीच भंगारात गेलं असेल तर आठवडा जातो, कधी त्याहून जास्त. हा जादा वेळ सुटे भाग शोधण्यात जातो. म्हणून गाडी आणण्याआधी हे पत्रक एकदा वाचावं ही विनंती.

वापरलेलं इंजिन बाजारातून क्वचितच पूर्ण येतं. गाडी मोडताना वायरिंग कापलं जातं, अल्टरनेटर आणि स्टार्टर वेगळे विकले जातात, कार्बोरेटरला वेगळं गिऱ्हाईक असतं. तुमच्या हाती येतो ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य सांगाडा), हेड (त्याच्या वरचा भाग) आणि चेंबर (तळाची ऑइलची टाकी). ते तुमच्या गाडीत बसून सुरू व्हायला बाकीचं सामान जुन्या इंजिनावरूनच काढावं लागतं: फाउंडेशनचे (इंजिन गाडीला धरून ठेवणारे) ब्रॅकेट, अल्टरनेटरचा ब्रॅकेट, फ्लायव्हील, दोन्ही मॅनिफोल्ड, पाण्याचे पाइप, डिपस्टिकची नळी, ऑइल प्रेशरचा स्विच, टेंपरेचरचा सेन्सर, आणि वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट. यातला एखादा ब्रॅकेट नसला तरी इंजिन क्रेनला लटकत राहतं. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. फिल्टर, बेल्ट, क्लच आजही सहज मिळतात, पण ब्रॅकेट आणि नळ्या कोणी नव्या बनवून दुकानात ठेवत नाही. त्यासाठी पुन्हा भंगार बाजारच गाठावा लागतो.

जुनं इंजिन मापासाठीही लागतं. क्लच प्लेटचे आतले दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतात की नाही, फ्लायव्हीलचे दाते तुमच्या स्टार्टरशी जुळतात की नाही, हे जुना भाग शेजारी धरला की मिनिटात कळतं. तो नसेल तर इंजिन चढवून पाहायचं, जुळलं नाही की उतरवायचं, आणि मजुरी दोनदा. भंगारवाला जुन्या इंजिनाचे जे पैसे देतो, त्यापेक्षा त्यावरचं सामान परत जमवायला जास्त खर्च होतो. नवं इंजिन बसून, गाडी गरम होऊन, आमच्या अंगणातून बाहेर पडेपर्यंत जुनं कोणालाही देऊ नका. त्यानंतर खुशाल विका, वजन करून देण्यापर्यंतची मदत आम्ही करू.

खरेदीतला गोंधळ बहुतेक वेळा "८०० चं इंजिन द्या" एवढंच सांगितल्यामुळे होतो. ८०० मध्ये एकच इंजिन नव्हतं. सुरुवातीचं ७९६ सीसीचं एफ८बी, तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह, कार्बोरेटरवर चालणारं. २००० च्या सुमारास एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारं) आलं, आणि पाच गिअरच्या मॉडेलला बारा व्हॉल्व्हचं एफ८डी. सीसी तेवढेच, म्हणून दुकानदार "बसतंय हो" म्हणतो. पण कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल पंप इंजिनावर असतो आणि कॅमशाफ्टवर चालतो, तर एमपीएफआयला विजेवरचा पंप, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर आणि वेगळं वायरिंग लागतं. ओम्नीचं इंजिन याच घराण्यातलं आहे हे खरं, पण ओम्नीत ते गाडीच्या लांबीच्या दिशेनं उभं बसतं आणि मागची चाकं फिरवतं, ८०० मध्ये आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. त्यामुळे ओम्नीचं इंजिन जसंच्या तसं इथे चालत नाही. पैसे देण्याआधी ब्लॉकवर कोरलेल्या नंबराचा फोटो आम्हाला पाठवा. चालेल की नाही ते आम्ही कळवतो, त्याचे पैसे घेत नाही.

आता आमच्या कामाच्या पद्धतीबद्दल, कारण "दुसरा गॅरेजवाला तर एका दिवसात बसवून देतो" हेही आम्ही ऐकतो. आलेलं इंजिन आम्ही थेट चढवत नाही. आधी चेंबर उघडतो. तळाशी चमकणारी धातूची चूर दिसली तर बेअरिंग गेलेलं असतं आणि ते इंजिन परत पाठवलेलं बरं. ऑइलच्या झाकणाला दुधाळ चिकटा असेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळत असल्याची शंका घेऊन आम्ही हेडचं पॅकिंग तपासतो. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघतो. तिन्ही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एक जरी बराच खाली असेल तर गाडी न्यूट्रलला थरथरणार आणि पुढच्या पावसाळ्याआधी तुम्ही पुन्हा आमच्या दारात उभे राहणार. या तपासणीला अर्धा दिवस जातो. बसवल्यानंतर हीच गोष्ट कळली तर पूर्ण इंजिन पुन्हा उतरवावं लागतं.

इंजिन खाली असताना क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप बदलायचा आमचा आग्रह असतो. हे बिल वाढवणं आहे असं काहींना वाटतं. त्यांना आम्ही मजुरीचा हिशोब दाखवतो. आता या भागांची फक्त किंमत लागते. सहा महिन्यांनी मागचं सील गळायला लागलं तर काही शे रुपयांच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी द्यावी लागते. रेडिएटरच्या बाबतीत मात्र आम्ही आग्रहावर थांबत नाही. जुनं इंजिन गरम होऊन गेलं असेल तर रेडिएटर साफ केल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय आम्ही नवं बसवत नाही. रेडिएटरमधला गाळ तिथेच राहिला तर दुसरं इंजिनही त्याच वाटेनं जातं.

काही वेळा इंजिन बदलायची गरजच नसते. ब्लॉक शाबूत असेल तर बोअर (सिलिंडर आतून घासून नीट करणं), नवे पिस्टन-रिंग, बेअरिंग आणि हेडचं काम करून तेच इंजिन बरीच वर्षं चालतं. खर्च थोडा जास्त वाटतो, पण आत काय घातलंय ते तुम्हाला माहीत असतं आणि ब्लॉक तोच असल्यानं आरसीवरचा इंजिन नंबर बदलत नाही. बाजारातून हाफ इंजिन (हेडशिवायचं, नुसत्या ब्लॉकचं) घेतलं तरी नंबर बदलतो, कारण नंबर ब्लॉकवर असतो. गाडी आमच्याकडे आणली तर इंजिनकाम आणि बदल, दोन्हींचा अंदाज आम्ही लिहून देतो. मग तुम्ही ठरवा.

नंबर बदलला की आरटीओचं काम आलंच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलायला परवानगी घ्यावी लागते आणि बदलल्यावर १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. ८०० ची बहुतेक वाहनं आता पंधरा वर्षांपुढची आहेत, त्यांची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करताना इंजिन आणि चॅसिस नंबर तपासले जातात. तिथे नंबर जुळला नाही तर गाडी अडकते, अपघाताच्या क्लेमलाही तीच अडचण येते. म्हणून इंजिन घेताना नंबर लिहिलेलं पक्कं बिल मागा. बिल नसलेलं इंजिन चोरीच्या गाडीचंही असू शकतं, ते आम्ही बसवत नाही. ब्लॉक घासून त्यावर जुन्या इंजिनाचा नंबर कोरून द्या असं कोणी सांगितलं तर आमचं उत्तर नाही असंच असतं, ओळख कितीही जुनी असो. ८०० मध्ये मोठं, १३०० सीसीचं इंजिन टाकण्याच्या कामालाही आम्ही हात लावत नाही. या गाडीचे ब्रेक त्या ताकदीसाठी बनवलेले नाहीत.

इंजिन आमच्यामार्फत घेतलं तर त्यावर तीन महिन्यांची हमी आम्ही देतो. तुम्ही आणलेल्या इंजिनावर फक्त बसवण्याच्या कामाची हमी. दोन्ही बाबतीत पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर गाडी एकदा दाखवा. ऑइल, फिल्टर बदलू, फाउंडेशनचे बोल्ट आणि पाण्याची पातळी बघू. या फेरीची मजुरी नाही, फक्त ऑइल आणि फिल्टरची किंमत.

येताना आरसी, विम्याचा कागद आणि इंजिनाचं बिल बरोबर ठेवा. गाडी चालत नसेल तर टोचन लावून आणा, पण इंजिन उघडू नका आणि खोलायला दुसरीकडे देऊ नका. खोक्यात भरून आलेलं सुटं इंजिन आम्ही घेतो, मात्र त्या कामाला किती दिवस लागतील हे पहिल्या दिवशी सांगता येत नाही.