स्लीप पॅरालिसिसमध्ये श्वास अडकल्यासारखं का वाटतं

हल्ली ल्युसिड ड्रीमिंग, म्हणजे स्वप्नात असतानाच हे स्वप्न आहे याचं भान ठेवणं, शिकवणारे व्हिडिओ जिकडेतिकडे फिरतायत, आणि त्यात हमखास सांगतात की मध्ये स्लीप पॅरालिसिस आला, म्हणजे जाग आली पण शरीर हलेना, तर घाबरू नका, शांत रहा. सांगायला सोपंय हो. खोली दिसतेय, पण बोटसुद्धा हलत नाही, आवाज फुटत नाही आणि छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतंय, अशा वेळी धाबं दणाणणारच. पण आत नेमकं काय चाललंय हे आधीच माहीत असेल तर खूप फरक पडतो.

ठळक स्वप्नं पडतात ती आरईएम झोपेत, म्हणजे मिटलेल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात त्या टप्प्यात. स्वप्नात तुम्ही पळालात तर मेंदू पळायचे आदेश खरंच तयार करतो, मग ते पायापर्यंत पोचू नयेत म्हणून ब्रेनस्टेममधल्या (मेंदूच्या देठातल्या) पॉन्स भागातला एक छोटासा पेशीसमूह त्याखालच्या मेड्युला भागामार्गे सिग्नल धाडतो, मज्जारज्जूत ग्लायसिन आणि गाबा ही रसायनं सुटतात आणि स्नायू हलवणाऱ्या पेशी, म्हणजे मोटर न्यूरॉन, गप्प होतात. फ्रेंच झोपसंशोधक मिशेल जुवे यांनी १९६०च्या दशकात मांजरांच्या पॉन्समधला हा भाग निकामी केला, तर ती झोपेतच उठून समोर नसलेल्या भक्ष्यावर झडप घालायला लागली!

स्लीप पॅरालिसिसमध्ये जाग येते, पण स्नायूंवरची ही बंदी अजून उठलेली नसते. या बंदीतून मुख्यतः दोघं सुटतात, श्वासपटल (छाती आणि पोटामधला श्वासाचा स्नायू) आणि डोळ्यांचे स्नायू. फासळ्यांमधले स्नायू मात्र ढिले पडतात. म्हणजे श्वास आपोआप चालूच असतो, फक्त उथळ. आपण घाबरून मुद्दाम मोठा श्वास घ्यायला जातो, फासळ्या साथ देत नाहीत, छाती फुगत नाही, आणि मेंदू त्याचा अर्थ लावतो की वर काहीतरी वजन आहे. त्यात भीतीशी जोडलेला मेंदूतला भाग, अमिग्डला, आरईएममध्ये आधीच तापलेला, त्यामुळे भीती वाढते, आपण आणखी जोर लावतो, आणखी गुदमरतो. दिसणारी सावली म्हणजे उघड्या डोळ्यांसमोरच्या खोलीत मिसळलेलं स्वप्न. भूतबाधा नाही, करणी नाही, आणि आत्मा बाहेर काढायला शिकवतो म्हणून पैसे उकळणाऱ्यांचा तर इथे काही संबंधच नाही.

म्हणून मोठा श्वास घ्यायचा हट्ट पहिल्यांदा सोडायचा. पोट हळूहळू वरखाली होतंय तेवढ्यावर लक्ष ठेवायचं, आणि काहीतरी करावंसं वाटलंच तर नजर डावीउजवीकडे फिरवायची, कारण डोळे अजून तुमच्या ताब्यात आहेत. १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात संशोधक कीथ हर्न यांनी स्वप्नात जागा असलेल्या माणसाचा पहिला सिग्नल अशाच ठरवून केलेल्या डोळ्यांच्या हालचालींवरून टिपला होता. हे सगळं सहसा काही सेकंद ते काही मिनिटांत आपोआप सुटतं. ल्युसिड ड्रीमिंग करणारे बरेच जण तर इथूनच डोळे मिटून एखादं दृश्य मनात धरतात आणि सरळ स्वप्नात शिरतात.

झोप अपुरी असेल किंवा उताणं झोपलात तर हे जास्त होतं, तेव्हा ल्युसिड ड्रीमिंगच्या नादात अलार्म लावून रोज झोपमोड करू नका. आणि दिवसासुद्धा झोप अनावर होत असेल किंवा हसता हसता गुडघ्यातलं बळ जात असेल, तर तो नार्कोलेप्सीचा (झोपेवर ताबा न राहण्याच्या आजाराचा) प्रकार असू शकतो, डॉक्टरांना दाखवाच.