चोरवाट नेमकी कशाला म्हणायची?

हिंजवडी-खराडीत डेटाचोरीचा विषय निघाला की २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्यातल्या एका सहकारी बँकेचे गेलेले सुमारे ९४ कोटी कुणीतरी काढतंच. पण तिथे बनावट स्विच (एटीएमच्या विनंत्या बँकेपर्यंत नेणारी यंत्रणा) उभा करून एटीएमच्या विनंत्यांना परस्पर मंजुरी दिली गेली होती. नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे, म्हणजे पॅकेट, हाताने घडवून माहिती गुपचूप बाहेर काढणं हे दुखणं वेगळं, आणि बरंच जुनं.

‘कव्हर्ट चॅनल’, म्हणजे चोरवाट, हा शब्द १९७३ चा. मूळ लेखात तो फार काटेकोर होता: निरोपासाठी बनलेलीच नाही अशी वाट, उदाहरणार्थ यंत्रावरचा भार मुद्दाम कमीजास्त करून केलेली खूण. दोन प्रोग्रामांच्या सामायिक जागेत लिहून ठेवणं तिथे वेगळ्या खात्यात होतं. दहा वर्षांनी संगणक-सुरक्षेच्या अमेरिकी लष्करी निकषांनी दोन्ही एकाच टोपलीत टाकले. गोंधळ तिथूनच.

त्याहून वादग्रस्त ठरावी ती त्याच निकषांतली वेगमर्यादा. सेकंदाला १०० बिटच्या वर गेली तर वाट धोक्याची, १ बिटच्या आत असेल तर बहुतेक ठिकाणी चालेल. १०० हा आकडा तेव्हाच्या टर्मिनलांच्या वेगावरून आला होता. कागदपत्रांचे गठ्ठे चोरीला जाण्याची भीती असेल तर हिशेब ठीक. पण कूटबद्ध माहिती उघडणारी २५६ बिटांची किल्ली सेकंदाला एक बिट या गतीनेही सव्वाचार मिनिटांत बाहेर पडते. चहा यायच्या आत! चोरीचं मोल वजनावर ठरवण्याची ही खोड अजून गेलेली नाही. ‘इतका छोटा ट्रॅफिक, सोडून दे’ हे मी स्वतः ऐकलंय.

१९९६ मध्ये पिंगच्या (समोरचं यंत्र जागं आहे का हे विचारणाऱ्या संदेशाच्या) पोटात आज्ञा भरून पाठवणारं साधन आलं. पुढच्याच वर्षी आयपी हेडरच्या (पॅकेटवरच्या पत्त्याच्या मजकुराच्या) १६ बिटांच्या ओळख-क्रमांकात एकेक अक्षर बसवून दाखवलं गेलं. पहिल्याला खरं तर बोगदा म्हणावं (एका वाहतुकीच्या पोटात दुसरी), दुसऱ्याला चोरवाट (निरोपासाठी न बनलेली जागा). आपल्याकडे दोन्हींना सरसकट ‘टनेल’. मग पाळी आली डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेची: नावाच्या एका तुकड्यात ६३ बाइट मावतात, आणि ते दार सहसा कुणी बंद करत नाही.

एप्रिल २०२२ च्या केंद्रीय सायबर-सुरक्षा निर्देशांनी लॉग (यंत्रणांतल्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस ठेवणं आणि घटना ६ तासांत कळवणं बंधनकारक केलं. फायरवॉलच्या (नेटवर्कच्या वेशीवरच्या पहारेकरी यंत्रणेच्या) नेहमीच्या लॉगमध्ये मात्र सहसा पिंग कुठून कुठे गेला एवढंच उरतं. ओळख-क्रमांक त्यात बहुधा नसतो.