अडीच टक्के जड पाणी

समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जेमतेम अडीच टक्के जड असते, म्हणजे घनमीटरमागे सुमारे २५ किलो. एवढ्याशा फरकाने भूजलाची वाट बदलणार नाही, असे पुष्कळांना वाटते. ही समजूत किती चुकीची आहे, हे काचेची चपटी टाकी, बारीक वाळू आणि रंगवलेले मिठाचे पाणी एवढ्या साहित्यानिशी डोळ्यांनी पाहता येते.

जमिनीखाली पाण्याच्या शिरा वाहतात आणि हातातली फांदी वाकून त्यांचा पत्ता देते, या समजुतीला कसलाही आधार नाही. भूजल बहुतांशी वाळूच्या कणांमधून आणि खडकाच्या भेगांतून झिरपते. त्याचा वेग पाण्याच्या पातळीच्या उतारावर अवलंबून असतो, हे आंरी दार्सी यांनी १८५६ मध्ये दाखवून दिले. सपाट प्रदेशात हा उतार किलोमीटरमागे एखादा मीटरच असतो. उलट, अडीच टक्के जास्तीच्या वजनाने पाणी खाली खेचले जाते ती ओढ उताराच्या मापाने सांगायची, तर किलोमीटरमागे २५ मीटर भरते. मातीचे आडवे थर वाटेत आले की खाली जाणे कठीण होते, हे खरे. पण ओढ लहान नव्हे.

टाकीतल्या वाळूत गोडे पाणी खाली आणि खारे पाणी वर ठेवले, तर जड पाणी चादरीसारखे सपाट उतरत नाही, कारण खालच्या हलक्या पाण्यालाही वर यायला वाट हवी असते. जिथे खाऱ्या पाण्याचा किंचित फुगवटा खाली झुकतो तिथे जड पाण्याचा स्तंभ शेजारपेक्षा उंच होतो, दाब वाढतो, फुगवटा आणखी खोल जातो आणि त्याच्या दोन्ही अंगांनी गोडे पाणी वर चढते. अशी रंगीत बोटे उतरताना पाहणे विलक्षण असते. फार बारीक बोटातले मीठ विसरणामुळे, म्हणजे जास्त खाऱ्या पाण्याकडून कमी खाऱ्याकडे आपोआप सरकत, शेजारच्या पाण्यात पसरते आणि त्याचा जडपणा सरतो. फार रुंद बोट सावकाश वाढते. मधल्या जाडीची बोटे टिकतात आणि पुढे एकमेकांत मिसळतात. घनतेतला फरक, गुरुत्व त्वरण, वाळूची पाणी वाहू देण्याची क्षमता आणि थराची जाडी यांच्या गुणाकाराला श्यानता (पाण्याचा दाटपणा), सच्छिद्रता (वाळूतल्या पोकळीचे प्रमाण) आणि विसरणाचा दर यांच्या गुणाकाराने भागले की रॅले अंक मिळतो; जडपणाची ओढ विसरणापेक्षा किती जोरकस आहे, याचे ते माप. वर-खाली बंद असलेल्या आणि दोन्ही कडांवरचे मिठाचे प्रमाण कायम राखलेल्या थरात तो सुमारे ३९.५ च्या पुढे गेला की अभिसरण, म्हणजे पाण्याचे वर-खाली फिरणे, सुरू होते. साध्या वाळूच्या टाकीत तो सहज हजारांत जातो.

अशी बोटे दोन विहिरींच्या मधून निसटतात, म्हणून प्रत्यक्ष जमिनीत ती टिपणे अवघड असते. संगणकावरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. संशोधक एल्डर यांनी १९६७ मध्ये काचेच्या दोन तावदानांमधल्या अरुंद फटीत, तळाचा काही भाग तापवून केलेला प्रयोग पुढे उष्णतेच्या जागी मीठ धरून मांडला गेला आणि संगणकीय प्रारूपांची, म्हणजे प्रवाहाचे गणित करणाऱ्या आज्ञावलींची, कसोटी बनला. तेव्हा गणितासाठी जागेचे ज्या चौकटींत तुकडे पाडतात, त्या जाळीची घरे लहान-मोठी करताच मधला प्रवाह कधी वर, तर कधी खाली दिसू लागला. या प्रश्नाला एकाहून अधिक स्थिर उत्तरे आहेत, हे नंतर कळले.

म्हणूनच, प्रारूपे प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहण्यासाठी, झुरिकमध्ये संशोधक ओसवाल्ड आणि किन्झेलबाख यांनी सुमारे २० सेंटिमीटरच्या घनाकृती पेटीत काचेचे मणी भरले, तळाशी खारे पाणी ठेवले, वरून गोडे पाणी वाहते केले आणि चुंबकीय अनुनादाने (रुग्णालयातल्या एमआरआयमागचे तंत्र) आतली हालचाल तिन्ही मितींत टिपली. खाऱ्या पाण्यात मीठ १ टक्का असताना प्रारूपे प्रयोगाशी बऱ्यापैकी जुळली. १० टक्के असताना मात्र सरमिसळीचा थर इतका पातळ राहिला की तो पकडायला जाळी फारच बारीक करावी लागली.