व्हिडिओ गेम परीक्षण : ठाणे–नवी मुंबईच्या संदर्भात

व्हिडिओ गेम परीक्षण : एखादा गेम स्वतः खेळून त्याची रचना, हाताळणी, कथा, दृश्ये, आवाज आणि किंमत यांविषयी दिलेला सकारण अभिप्राय. पुस्तक आणि नाटक यांसाठी मराठीत रुळलेला ‘परीक्षण’ हा शब्द गेमलाही शोभतो. बोलताना मात्र ठाण्यापासून पनवेलपर्यंत सगळे ‘रिव्ह्यू’च म्हणतात. या पट्ट्यात गेमचा निवाडा दोन ठिकाणी होत आला आहे. एक परदेशी नियतकालिकांच्या आणि संकेतस्थळांच्या गुणांमधून, दुसरा सायबर कॅफेत, सोसायटीच्या जिन्यात, कॉलेजच्या कट्ट्यावर. हे दोन निवाडे अनेकदा जुळत नाहीत. कट्ट्यावरचा निवाडा अडाणी म्हणून सोडून देण्याची सवय चुकीची आहे, कारण त्याच्यामागेही कारणे असतात आणि ती बहुतेक वेळा नीट सांगता येतात.

संहिता आणि प्रयोग

नाटकाच्या परीक्षणात संहिता वेगळी आणि प्रयोग वेगळा धरण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. एकच नाटक शुक्रवारी गडकरी रंगायतनमध्ये रंगते आणि रविवारी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात पडते. चांगला परीक्षक त्यात लेखकाचा वाटा किती आणि प्रयोगाचा किती हे सांगतो. गेमला ही जोडी नाटकापेक्षाही घट्ट बसते. गेम बनवणाऱ्यांनी दिलेले नियम, नकाशे आणि संवाद ही संहिता. प्रयोग खेळणाराच करतो आणि तोच तो पाहतो. ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) या गेममध्ये सुरुवातीचे पठार ओलांडल्यावर थेट शेवटच्या लढाईकडे जाता येते, किंवा शंभर तास डोंगरदऱ्यांत भटकता येते. दोघांनी प्रामाणिकपणे लिहिले तरी त्यांची परीक्षणे दोन वेगळ्या प्रयोगांची असतील. म्हणून कोणी, कोणत्या यंत्रावर, किती तास खेळून लिहिले हे परीक्षणात आलेच पाहिजे. ते नसेल तर नुसत्या आकड्याचा वाचकाला उपयोग नाही.

गुण आणि सरासरी

गेमना वाहिलेली मासिके १९८१ मध्ये अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये निघू लागली. जपानच्या ‘फामित्सू’ने १९८६ पासून चालवलेली पद्धत लक्षात राहण्यासारखी आहे : चार परीक्षक, प्रत्येकाचे दहापैकी गुण, बेरीज चाळीसपैकी. पैकीच्या पैकी चाळीस गुण सर्वांत आधी मिळाले ते ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’ला, १९९८ मध्ये. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘मेटाक्रिटिक’ने अनेक परीक्षणांची भारित सरासरी काढून शंभरपैकी एकच आकडा द्यायला सुरुवात केली. कोणत्या प्रकाशनाला किती भार दिला जातो हे ते जाहीर करत नाही. तिथे चित्रपटाला ६१ गुणांपासून हिरवा रंग मिळतो, गेमला मात्र ७५ पासून. त्यामुळे ७० गुणांचा गेम पडेल वाटतो, दहावीला सत्तर टक्के मिळवलेल्या मुलाला आपल्या घरांमध्ये वाटते तसाच.

या आकड्याचा परिणाम लोकांच्या पगारापर्यंत गेला आहे. ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’ (२०१०) बनवणाऱ्या ऑब्सिडियन या स्टुडिओचा बोनस मेटाक्रिटिकवरील ८५ गुणांशी बांधलेला होता. गेमला ८४ मिळाले आणि बोनस हुकला. आज भूमिकाप्रधान (एखादे पात्र होऊन खेळायच्या) गेममध्ये या गेमचे नाव आदराने घेतले जाते.

ठाण्याकडे हे गुण पोचले ते आधी कागदावरून. ‘डिजिट’ हे संगणकविषयक मासिक आणि त्याची गेमिंग पुरवणी ‘स्कोर’ ज्यांच्या घरी येई त्यांच्याकडे सोबतच्या सीडीवरचे डेमो खेळायला बाकीचे जमत. पुढे घरोघरी इंटरनेट आले, आणि आता परीक्षण वाचण्यापेक्षा यूट्यूबवर पाहिले जाते.

आयजीआय आणि क्रिकेट ०७

दोन निवाड्यांमधले अंतर सर्वांत स्वच्छ दिसते ते ‘प्रोजेक्ट आयजीआय’ (२०००) या नेमबाजीच्या गेममध्ये. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओने आपल्या लढाऊ विमानाच्या गेमसाठी घडवलेले इंजिन, म्हणजे गेम चालवणारी मूळ प्रणाली, वापरून तो बनवला. त्यामुळे डोंगर, कुंपणे, टेहळणीचे मनोरे कितीतरी दूरवर दिसत. परीक्षकांनी या देखाव्याचे कौतुक केले, पण दोष ठळक मांडले : मिशन चालू असताना सेव्ह करता येत नाही, शत्रू सैनिक मठ्ठ वागतात, अनेकांनी एकत्र खेळण्याची सोय नाही. तिन्ही दोष खरे होते.

तरीही २००० नंतरच्या दशकात नौपाड्यात, कळव्यात, वाशीच्या सेक्टर १७ मध्ये ज्याने संगणकावर गेम खेळला त्याने बहुधा आयजीआय खेळला. पहिले कारण साधे आहे : असेंबल केलेल्या स्वस्त पीसीवर तो चालायचा. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. सायबर कॅफेत तासावर पैसे जात आणि मागे दोन-तीन मित्र उभे असत. सेव्ह नसल्यामुळे मेलात की मिशन पहिल्यापासून. मग मागचे सांगत, “डाव्या टॉवरवर स्नायपर आहे, आधी कॅमेरा बंद कर.” तेच मिशन पुन्हा पुन्हा खेळून पाठ होई आणि ते पाठांतर सगळ्या टोळक्याच्या मालकीचे असे. घरात एकट्याने, पुढच्या अंकाची तारीख डोक्यावर घेऊन खेळणाऱ्या परीक्षकाला जो दोष जाचला, तोच इथे खेळ सामुदायिक करणारा नियम ठरला. अनेकांनी खेळण्याची सोय गेममध्ये नव्हती; ती खुर्चीमागे उभ्या असलेल्या पोरांनी भरून काढली. प्रस्तुत लेखकाने ठाण्यातल्या अशाच एका कॅफेत तीन शनिवार एकाच मिशनवर घालवले, आणि त्यातला एकही वाया गेला असे आजही वाटत नाही.

ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट ०७’ नोव्हेंबर २००६ मध्ये आला. आधीच्या आवृत्तीपेक्षा फार पुढे न गेलेला, क्षेत्ररक्षणात कच्चा, असे त्याच्याविषयी लिहिले गेले. ज्या देशात बहुतेक मोठी गेम प्रकाशने होती त्या अमेरिकेत क्रिकेटच्या गेमकडे फारसे कोणी पाहिलेही नाही. ईएची क्रिकेट मालिका तिथेच थांबली. पण २००८ मध्ये आयपीएल सुरू झाल्यावर हौशी लोकांनी नवे संघ, नव्या जर्सी आणि नवी मैदाने घालणारे पॅच बनवले आणि हा गेम वर्षानुवर्षे जिवंत ठेवला. कव्हर ड्राइव्ह मारल्यावर हाताला येणारे समाधान गुणपत्रिकेत कुठेच नव्हते, आणि लोक त्याच्यासाठीच खेळत राहिले.

प्रकार बदलला की प्रश्न बदलतो

परीक्षणातली सर्वांत मोठी चूक म्हणजे एका प्रकारच्या गेमला दुसऱ्या प्रकारचा प्रश्न विचारणे. अलेक्सेई पाजित्नोव्ह यांच्या ‘टेट्रिस’मध्ये (१९८४) कथा नाही म्हणून कोणी गुण कापत नाही. शर्यतीच्या गेममध्ये गाडी वळते कशी हा पहिला प्रश्न. पण ‘नीड फॉर स्पीड : मोस्ट वॉन्टेड’मध्ये (२००५) ती सहज वळावी अशी अपेक्षा असते, तर ‘ग्रान टुरिस्मो’त तिचे वजन जाणवावे अशी.

मारामारीच्या गेमचा खरा निवाडा प्रकाशनाच्या आठवड्यात होऊच शकत नाही. सर्व पात्रे एकमेकांना तोडीस तोड आहेत का, हे शेकडो लढतींनंतर कळते. ‘टेकन ३’ला परीक्षकांनी भरभरून गुण दिले आणि ते योग्यच होते. पण एडी गोर्डो हे पात्र घेऊन नुसती लाथांची बटणे दाबत सुटले तरी नवखाही जिंकतो, हा शोध खेळणाऱ्यांचा. पुष्कळ गटांनी त्यावर नियमच केला : एडी घ्यायचा नाही. तीन शब्दांचे हे परीक्षण मला कित्येक लांब लेखांपेक्षा अचूक वाटते.

‘डार्क सोल्स’पासून (२०११) अवघडपणा हा दोष की गुण यावर वाद चालू आहे. ‘एल्डन रिंग’ला (२०२२) मिळालेल्या एकमुखी कौतुकाचे एक कारण असे की त्याचे मैदान मोकळे आहे, एका शत्रूपाशी अडकलात तर दुसरीकडे जाऊन बळ कमावून परत येता येते. ‘बॉल्डर्स गेट ३’ची (२०२३) स्तुती झाली ती मुख्यतः लेखनासाठी, खेळणाऱ्याच्या प्रत्येक निवडीला कथेत जागा दिल्यासाठी. पण ती स्तुती इंग्रजी सहज वाचणाऱ्यासाठी आहे. मराठी माध्यमात शिकलेला, संवादांचे डोंगर बघून बटण दाबून पुढे जाणारा घणसोलीचा मुलगा या गेमला कंटाळवाणा म्हणाला, तर त्याच्यापुरते ते खरे आहे.

निवाडा फसतो तेव्हा

‘सायबरपंक २०७७’ (१० डिसेंबर २०२०) हे यातले सर्वांत बोधप्रद प्रकरण. प्रकाशनापूर्वी परीक्षकांना फक्त पीसी आवृत्ती मिळाली आणि स्वतःचे चित्रीकरण दाखवायला मनाई होती. गुण ८० च्या वर गेले. ज्यांनी सोनीच्या पीएस ४ या गेमयंत्रावर घेतला त्यांच्या हाती मात्र अडखळणारा, मध्येच बंद पडणारा गेम आला. आठवड्याभरात, १७ डिसेंबरला, सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. तो परतला जून २०२१ मध्ये. सप्टेंबर २०२३ च्या २.० अद्यतनानंतर बहुतेकांनी त्याला चांगला गेम म्हटले. परीक्षकांनी खोटे लिहिले नव्हते. त्यांनी पाहिलेला प्रयोगच वेगळा होता.

याच्या उलट बाजू ‘द लास्ट ऑफ अस, भाग २’ची (२०२०). परीक्षकांची सरासरी ९३, आणि पहिल्याच दिवशी वापरकर्त्यांच्या शून्य गुणांचा पाऊस. इतका मोठा गेम काही तासांत संपवून शून्य देणे शक्य नव्हते. त्यानंतर मेटाक्रिटिकने प्रकाशनानंतर ३६ तास वापरकर्त्यांचे गुण न स्वीकारण्याचा नियम केला. कट्ट्यावरच्या निवाड्याची बाजू घेताना हे विसरून चालणार नाही : न खेळता दिलेला शेरा, तो कितीही लोकांचा असो, परीक्षण होत नाही.

किंमत, पिंग आणि मोबाइल

परीक्षकाला गेमची प्रत बहुधा फुकट मिळते. पीएस ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आला आणि त्याचे मोठे गेम ४,९९९ रुपयांचे झाले. एवढ्या पैशांत दहा तासांत संपणारा, नव्वद गुणांचा, देखणा कथाप्रधान गेम घ्यायचा की वर्षभर मित्रांसोबत चालणारा फुटबॉलचा गेम, हा प्रश्न ऐरोलीतल्या घरात वेगळ्या पद्धतीने सुटतो. ‘पैसा वसूल’ हा निकष इथे कलेच्या विरोधात उभा नाही; डिस्क खेळून झाल्यावर विकता येते का, दोघांत वाटून घेता येते का, हेही त्यात मोजले जाते.

ऑनलाइन गेममध्ये अंतराचाही हिशेब येतो. मुंबई विभागात सर्व्हर असेल तर ठाण्यात पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, कमी राहते. गेमने सिंगापूरला जोडले की गोळी झाडल्यावर ती लागायला लागणारा क्षणभराचा उशीर हाताला जाणवतो. अमेरिकेत बसून लिहिलेल्या परीक्षणात हा मुद्दा येणे शक्य नाही.

मोबाइलवरच्या गेमकडे मोठ्या प्रकाशनांनी फार दुर्लक्ष केले, आणि इथले बहुसंख्य लोक खेळतात ते मोबाइलवरच. ‘पबजी मोबाइल’वर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली, त्याच्या जागी २ जुलै २०२१ ला आलेली त्याची भारतीय आवृत्ती ‘बीजीएमआय’ २८ जुलै २०२२ ला अ‍ॅपच्या दुकानांतून हटवली गेली आणि मे २०२३ मध्ये परतली. दर काही आठवड्यांनी बदलणाऱ्या अशा गेमवर एकदाच लिहिलेले परीक्षण लवकर शिळे होते. त्याचा चालू निवाडा ठाणे लोकलच्या डब्यात ऐकू येतो : नवीन अपडेटनंतर फोन तापतो का, दहा हजारांच्या फोनवर फ्रेम पडतात (चित्र अडखळते) का, कळवा ते मुलुंडमध्ये नेट गेले तर डाव हातचा जातो का.

मराठीतले परीक्षण

गेमविषयी मराठीत सविस्तर लेखन अजून फार थोडे आहे. बोलले पुष्कळ जाते, पण बहुतेक हिंदीत किंवा इंग्रजीत. शब्दांची अडचण नाही. ‘हाताला बसतो’, ‘अडकवतो’, ‘लोड घेतो’, ‘मिशन ओढूनताणून लांबवलंय’, ‘ग्राफिक्स भारी पण जीव नाही’ ही भाषा तयार आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ (२०२०) आला तेव्हा परदेशी परीक्षकांनी त्याची चित्रे, वास्तू आणि छायाबाहुल्यांच्या खेळासारखे कथाप्रसंग वाखाणले, मारामारी तोचतोपणाची आणि शेवट अर्धवट तोडल्यासारखा, असेही म्हटले. दोन्ही मुद्दे पटण्यासारखे आहेत. पण त्यातली दुर्गा आणि विष्णू ज्यांनी लहानपणापासून कीर्तनात ऐकले त्यांना ही कथा कुठे नवी वाटली, कुठे ओळखीचीच निघाली, हे त्या परीक्षणांत नाही. ते मराठी खेळणाऱ्यालाच लिहावे लागेल.