स्कीवर सिंहगडची सवय नडते

डिसेंबर लागला की पुण्यातल्या ट्रेकर मंडळींत गुलमर्ग आणि औलीच्या स्कीइंग कोर्सची बोलणी सुरू होतात. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्याला वाटतं, पायांत दम आहे, उताराची भीती नाही, मग स्की काय अवघड? दम उपयोगी पडतोच. नडते ती उतरण्याची सवय. सह्याद्रीत घसारा लागला की आपण आपसूक मागे रेलतो, कंबर खाली घेतो, अगदीच वेळ आली तर बूड टेकवून उतरतो. स्कीवर नेमकं हेच करायचं नसतं. त्याचं कारण स्कीच्या तळाशी आहे.

दहावीत पुनर्हिमायनाचा प्रयोग असतो. बर्फाच्या लादीवर वजनं टांगलेली तार ठेवली की दाबाने बर्फ वितळतो, तार आरपार जाते आणि लादी पुन्हा अखंड. स्कीखालीही हेच होत असणार, असं अनेकांना वाटतं. हिशेब करून पाहा. ७० किलोचा माणूस, १६० सेंटिमीटर लांब आणि ८ सेंटिमीटर रुंद अशा दोन स्की. वजन इतकं पसरतं की बर्फावरचा दाब वातावरणाच्या दाबाच्या ३ टक्केही भरत नाही. उलट, बर्फाचा वितळणबिंदू १ अंशाने खाली आणायला सुमारे १३५ वातावरणांइतका दाब लागतो. स्की खरी टेकते ती बर्फकणांच्या टोकांवर आणि तिथे दाब बराच जास्त असतो, हे मान्य. तरी कडक थंडीत तेवढ्याने भागत नाही.

१९३९ साली बोडेन आणि ह्यूज या केंब्रिजच्या संशोधकांनी स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखच्या उंचावरील केंद्रात यावर प्रयोग केले. निष्कर्ष असा, की घासण्यातून निघणारी उष्णताच त्या टोकांना वितळवते आणि पाण्याचा अतिपातळ थर वंगणाचं काम करतो. पितळेची स्की एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, स्कीपेक्षा जास्त अडखळते, कारण धातू ती उष्णता ओढून घेतो. हा पुरावा मला फार आवडतो. वेगळं काही सिद्ध करायला नको. आजच्या स्कीचा तळ पॉलिथिलीनचा असतो आणि त्यावर पाणी झटकणारं मेण चोळतात.

परिणाम काय? घर्षणांक साधारण ०.०५. म्हणजे उतार जेमतेम ३ अंशांचा, डोळ्याला सपाट वाटणारा, तरी तुम्ही निघालात. १० अंशांच्या उतारावर काहीही न करता तीन मजली इमारतीएवढी उंची उतरलात, तर वेग तासाला ४० किलोमीटरच्या आसपास पोचतो. म्हणून नवशिक्याला घसरायला शिकवावं लागतच नाही. शिकवायचं असतं ते हवं तेव्हा घर्षण निर्माण करायला.

त्यासाठी स्नोप्लाउ नावाची ठेवण. स्कींची पुढची टोकं जवळ, मागच्या शेपट्या एकमेकींपासून लांब, गुडघे किंचित आत. प्रशिक्षक याला सरळ ‘पिझ्झा’ म्हणतात. आता स्की सपाट तळावर न राहता आतल्या पोलादी कडेवर कलते आणि तिरकी पुढे जाताना बर्फ बाजूला ढकलत, खरवडत राहते. बर्फही उलट ढकलतो. उजव्या स्कीवरचा जोर मागे आणि डावीकडे, डाव्या स्कीवरचा मागे आणि उजवीकडे. बाजूचे दोन जोर एकमेकांना खातात. उरतो फक्त मागचा, तो ब्रेक. शेपट्या जितक्या रुंद आणि कड जितकी उभी, तितका ब्रेक घट्ट.

याच गणितातून वळणही निघतं. उजव्या पायावर भार वाढवा. उजव्या स्कीकडून येणारा डावीकडचा जोर वरचढ होतो आणि तुम्ही डावीकडे वळता. उजवा पाय, डावं वळण. डोक्याला हे पटायला वेळ लागतो, कारण वळताना आत झुकावंसं वाटतं. आत झुकलं की भार आतल्या स्कीवर जातो आणि वळण तिथेच मरतं.

आता मागे रेलण्याकडे येऊ. बूट स्कीच्या मध्याच्या जरा मागेच बसवलेला असतो. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबली तरच स्कीच्या पुढच्या भागावर वजन पोचतं, आणि दिशा धरतो तो पुढचा भागच. मागे रेललात की टोकं हलकी होतात, कडा बर्फ सोडतात, वेग वाढतो. वेग वाढला म्हणून घाबरून आणखी मागे. घसाऱ्यावर बूड टेकून वाचता येतं. इथे मागे बसत पडणं गुडघ्यातल्या पुढच्या क्रूशिएट लिगामेंटसाठी, म्हणजे सांधा जागेवर धरणाऱ्या पट्ट्यासाठी, सर्वात वाईट. पडायचंच असेल तर कुशीवर, उताराच्या वरच्या बाजूला.

थंडी-बिंडी सोडा, तिची तयारी सगळेच करतात. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे, पुणे ५६० मीटरवर. पहिल्या दिवशी धाप लागणारच. गॉगल मात्र विसरू नका. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो, त्यामुळे ढगाळ दिवशीही डोळे पोळतात.

जाण्याआधी घरी भिंतीला पाठ टेकवून अधांतरी खुर्चीत बसल्यासारखं बसायचा सराव करा. मांड्या याच कामाला लागतात. पर्वतीच्या पायऱ्या उतरताना नडगी पुढे ठेवून उतरून पाहा, शरीर किती कुरकुरतं ते कळेल.

एक शेवटची गोष्ट, भाड्याने स्की घेतानाची. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. ते किती जोराला सुटावं हे वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि तुमचं कौशल्य यांवरून ठरतं. तिथे पुणेरी बाणा आवरा आणि ‘नवशिका’ असंच सांगा. ‘थोडंफार येतं’ म्हणालात की त्या जोराचा आकडा वाढतो, आणि पडताना पाय पिळला तरी बूट स्कीतून सुटत नाही.