ईमेल क्लायंट

सर्व्हरवरचे मेल संगणकावर किंवा मोबाईलवर आणून दाखवणारे, पाठवणारे आणि साठवणारे सॉफ्टवेअर. थंडरबर्ड, आउटलुक, ॲपल मेल ही त्याची परिचित उदाहरणे. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या वेबमेलहून ते वेगळे, कारण इथे मेल आपल्या डिस्कवरही राहू शकतात. ते खरोखर तिथे राहतात की नाही, हे खाते कोणत्या प्रोटोकॉलने, म्हणजे मेल आणण्याच्या कोणत्या ठरलेल्या पद्धतीने, जोडले आहे त्यावर ठरते. खाते जोडताना हा पर्याय बहुतेक जण न वाचताच पुढे जातात आणि मेल हरवले की मग त्याची चौकशी होते.

पॉप-३ हा असा एक प्रोटोकॉल, 1988 चा. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून मिनिटांच्या हिशेबाने मिळत असे आणि सर्व्हरवर जागाही थोडी असे, त्या काळाला तो साजेसा होता. मेल उतरवून घ्यायचे, सर्व्हरवरून काढायचे आणि जोडणी तोडायची, ही त्याची मूळ रीत. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ हा पर्याय चालू नसेल, तर तो संगणक हीच मेलची एकमेव जागा उरते. मार्क क्रिस्पिन यांनी 1986 मध्ये स्टॅनफर्डला रचलेल्या आयमॅप या दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये मूळ मेल सर्व्हरवरच असतात आणि क्लायंट त्यांचे प्रतिबिंब दाखवतो. त्यामुळे फोनवर वाचलेला मेल लॅपटॉपवरही वाचलेला दिसतो. पण फोनवर पुसलेला मेल लॅपटॉपवरूनही जातो, म्हणून आयमॅपला बॅकअप समजू नये. जपायचे मेल क्लायंटमधल्या स्थानिक फोल्डरमध्ये ‘कॉपी’ करावेत. ‘मूव्ह’ केल्यास ते सर्व्हरवरून निघून जातात.

संगणक फॉरमॅट करताना खरी गफलत होते. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स पेन ड्राइव्हवर घेतले की काम झाले, असे वाटते. विंडोजवर थंडरबर्डचे मेल मात्र ‘ॲपडेटा’ या एरवी न दिसणाऱ्या फोल्डरमधल्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे खात्याची माहिती आणि मेल एकत्र ठेवणाऱ्या उपफोल्डरमध्ये, असतात. क्लायंट पूर्ण बंद करून ते सगळे प्रोफाइल उचलावे. आउटलुकमध्ये पॉप खात्याचे मेल साधारणपणे पीएसटी (.pst) या आउटलुकच्या स्वतःच्या फाइलमध्ये असतात. 2002 पर्यंतच्या आवृत्त्यांत या फाइलची मर्यादा 2 जीबी होती आणि ती ओलांडली की फाइल बिघडत असे. 2010 पासून ही मर्यादा 50 जीबी आहे. इतकी मोठी फाइल होऊ देणे मात्र शहाणपणाचे नाही. वर्षवार वेगळ्या फाइली केलेल्या बऱ्या.

मेल पुसूनही डिस्कवर जागा मोकळी होत नाही, हे कोडे थंडरबर्डमध्ये नेहमी पडते. तिथे एका फोल्डरचे सगळे मेल सहसा एकाच फाइलमध्ये असतात आणि पुसलेल्या मेलवर फक्त खूण होते. फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावरच जागा सुटते.

जोडपत्रांचा हिशेबही असाच फसवा. पाठवताना प्रत्येक 3 बाइटची 4 अक्षरे होतात, म्हणजे आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. संपूर्ण मेलवर 25 एमबीची मर्यादा असेल तर जेमतेम 18 एमबीची फाइल जाते.

पासवर्ड बरोबर असूनही जुना क्लायंट ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणत राहिला, तर दोष टंकनाचा असेलच असे नाही. नुसत्या पासवर्डने प्रवेश देणे मोठ्या सेवांनी थांबवत आणले आहे. मायक्रोसॉफ्टने एक्सचेंज ऑनलाइन या संस्थांसाठीच्या मेलसेवेत ते ऑक्टोबर 2022 पासून बंद करायला घेतले. अशा वेळी क्लायंटची नवी आवृत्ती घ्यावी आणि तो उघडेल त्या खिडकीतून लॉगिन करावे. काही सेवा त्याऐवजी फक्त त्या क्लायंटपुरता वेगळा पासवर्डही तयार करून देतात.