पाय उचलून पाहिला, म्हणजे निदान झालं का?

कंबरदुखी घेऊन आमच्याकडे येणाऱ्यांत बेळगावच्या वडगाव-खासबागचे विणकर असतात, उद्यमबागेतल्या फाउंड्रीतले कामगार असतात आणि भातलावणीचे दिवस आले की खानापूरकडच्या बायका. पुष्कळांच्या हातात एमआरआयचं पाकीट असतं आणि तोंडी एकच वाक्य: “गादी सरकली आहे.”

ते पाकीट आम्ही लगेच उघडत नाही. आधी तुमचं ऐकतो. मराठीत सांगा, कन्नडात सांगा, पण चमक आहे, ठणका आहे की मुंग्या, हे नीट सांगा. मग हाताने तपासतो आणि शेवटी फिल्म बघतो. १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली! फिल्मवर दिसतं तेच दुखतंय, असं धरून चालता येत नाही.

हाताने केलेल्या तपासणीचंही तेच. उताणं झोपवून, गुडघा सरळ ठेवून पाय वर उचलणं ही कंबरेची नेहमीची चाचणी. ओढ लागली की ‘नस दबली’ असं सुरुवातीला मीही सांगून टाकत असे. ते चुकत होतं. मांडीमागचा स्नायू आखडला असला तरी अशीच ओढ लागते. म्हणून आता कळ येते तिथून पाय थोडा खाली घेतो आणि फक्त चवडा तुमच्याकडे वळवतो. कळ पुन्हा उठून गुडघ्याखाली उतरली तर संशय नसेवर जातो. मग न दुखणारा पाय उचलतो. त्याने दुखऱ्या पायात कळ गेली तर संशय बळावतो. अंगठ्याची ताकद, कातडीची जाणीव, गुडघ्यावर हातोडी मारून येणारा झटका, एवढं पाहिल्यावरच निदान सांगतो.

खांदा गेल्या आठवड्यात ९० अंश उठत होता, आज ९४ उठला, तर त्याला आम्ही सुधारणा म्हणत नाही. एवढा फरक मोजण्यातही पडतो. फळीवरचा डबा काढता येतो का, हे विचारतो.

तुम्हीही विचारा: ही चाचणी कशासाठी? निकाल उलटा आला तर उपचार बदलणार का? बदलणार नसेल तर ती चाचणी करण्यात अर्थ नाही.

मात्र कंबरदुखीबरोबर लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर आमच्याकडे वेळ घालवू नका. रात्र असली तरी थेट मोठं रुग्णालय गाठा.

येताना सैल कपडे घाला, जुने रिपोर्ट आणा.